सखोल चौकशी कशी करावी

अभिनंदन! चौकशी समितीचे सदस्य म्हणून तुमची नेमणूक झाली आहे. पत्र व्हॉट्सॲपवर आलं. त्यावर जावक क्रमांक नाही, पण ‘तात्काळ’ दोनदा आणि ‘सखोल’ तीनदा आहे. अहवाल सात दिवसांत द्यायचा आहे. असली चौकशी तुम्ही आजवर केलेली नाही आणि ती कशी करतात हे तुम्हाला कुणी शिकवलेलं नाही, म्हणून संकोच करू नका. तुमच्या आधीच्यांनाही कुणी शिकवलं नव्हतं. तुमचं नाव यादीत आलं, कारण त्या दिवशी तुम्ही रजेवर नव्हता.

सरावासाठी एक घटना घेऊ. समजा, ती विंझरला घडली. गाव खरं आहे. पुणे-सातारा रस्त्यावरून नसरापूर फाट्याला आत वळून वेल्ह्याच्या वाटेला लागलं की राजगडाच्या परिसरात ते येतं. घटना मात्र मी रचलेली आहे, तेव्हा तिथल्या कुणा सिस्टरनं हे वाचून खुलासा लिहायला बसू नये.

जुलै महिना, भातलावणीचे दिवस. दिवस मावळताना बांधावर एकाला घोणस चावली. दवाखान्यात पोचेपर्यंत रात्रीचे साडेदहा वाजले. वीज गेलेली, जनरेटरमध्ये डिझेल नाही. वैद्यकीय अधिकाऱ्यांकडे, म्हणजे एमओंकडे, दोन केंद्रांचा चार्ज, ते दुसऱ्या केंद्रावर. ड्युटीवर एकटी कंत्राटी सिस्टर. तिनं फोनवर एमओंना विचारून सापाची लस सुरू केली. थोड्या वेळात पेशंटच्या अंगावर गांध्या उठल्या, बीपी उतरलं, धाप लागली. लसीची रिॲक्शन. अशा वेळी ॲड्रेनलिन द्यायचं असतं. ट्रेमध्ये ॲड्रेनलिनशेजारी ॲट्रोपिन ठेवलेलं, आणि नव्या पुरवठ्यात दोन्हींच्या ॲम्प्यूल सारख्याच आलेल्या. मोबाईलच्या उजेडात तिनं ॲट्रोपिन दिलं. दुसऱ्या मिनिटाला तिच्याच लक्षात आलं. तिनं ॲड्रेनलिन दिलं, १०८ रुग्णवाहिका बोलावली आणि घडलं ते केसपेपरवर वेळेसकट स्वतःच्या हातानं लिहून ठेवलं. पेशंट पुण्याच्या ससून रुग्णालयात पोचला, बरा झाला, घरी येऊन राहिलेल्या लावणीला लागला. त्याच्या भाच्यानं मात्र अंधाऱ्या वॉर्डाचा व्हिडिओ काढला होता. तो फिरला, आणि समिती नेमली गेली.

हा पेशंट वाचला. यातला एकही तपशील वेगळा पडला असता तर वाचला नसता. असा विचार मनात आला तर तो अहवालात येऊ देऊ नका. आता कामाला लागू.

१. जायचं कधी

घटना रात्री साडेदहाला घडली, म्हणून तुम्ही सकाळी साडेअकराला जा. लख्ख उजेड असेल, जनरेटरमध्ये डिझेल असेल, एमओ जागेवर असतील, फरशी पुसलेली असेल आणि दोन्ही ॲम्प्यूल वेगवेगळ्या ट्रेमध्ये चिठ्ठ्या लावून मांडलेल्या असतील. त्यांच्याकडे पाहून म्हणा, “इतकं स्पष्ट दिसतंय, मग चूक झालीच कशी?” हा प्रश्न अस्सल आश्चर्यानं विचारायचा असतो. रात्री गेलात तर तो विचारता येणार नाही.

एकाच गाडीतून जा. चौकशी करणारे आणि चौकशीत सापडू शकणारे वरिष्ठ शक्यतो शेजारी-शेजारी बसावेत, म्हणजे खेड शिवापूरच्या टोलनाक्यापर्यंत निष्कर्षाची रूपरेषा ठरते. नसरापुरात बनेश्वराचं दर्शन घ्या. नानासाहेब पेशव्यांच्या काळातलं, १७४९ सालचं देऊळ आहे, भोवती झाडी आहे, चहा बरा मिळतो. पुढे रस्त्यात इंद्रायणी तांदूळ चांगला मिळतो. तो येताना घ्या, जाताना घेतला तर गाडीत दिसतो.

२. जबाब घेणे

टेबलाच्या एका बाजूला पाच खुर्च्या, समोर एक. समोरची शक्यतो प्लॅस्टिकची. सिस्टरला आधी तासभर बाहेर बाकावर बसवा. तिची आदल्या दिवशीची रात्रपाळी झालेली असेल तर उत्तम.

प्रश्न असे विचारा की उत्तर काहीही आलं तरी ते कबुलीसारखं दिसावं. “तुम्हाला लेबल वाचता येतं ना?” ती हो म्हणाली, तर लिहा: वाचता येत असूनही वाचलं नाही. “कोर्स कुठून केलात?” हा दुसरा. उत्तर काहीही येवो, भुवया उंचावा. “सगळ्यांना कसं जमतं मग?” हा तिसरा, आणि यावर ती रडेल. जबाबात ‘समाधानकारक खुलासा करू शकल्या नाहीत’ असं लिहायला हीच जागा.

तिनं स्वतःच केसपेपरवर सगळं लिहून ठेवलं, ही तुमच्यासाठी पर्वणी आहे. शोधायचं काही उरलेलं नाही. त्या पानाची झेरॉक्स परिशिष्ट ‘अ’ म्हणून जोडा. शेजारच्या दहा केंद्रांतल्या सिस्टर ही बातमी ऐकतील आणि पुढच्या वेळी काय लिहायचं नाही ते शिकतील. त्यानंतर त्या भागात चुकांचं प्रमाण झपाट्यानं घटल्याचं नोंदींत दिसेल. तेही तुमचंच यश.

कुणी नवखा सदस्य म्हणेल की माता मृत्यू अन्वेषणाच्या मार्गदर्शक सूचनांत तर दोष कुणाला द्यायचा नाही असं लिहिलंय. बरोबर आहे, लिहिलंय. गरोदर बाई दगावली की उशीर तीन ठिकाणी शोधायचा असतो: घरी निर्णय घ्यायला झालेला, दवाखान्यात पोचायला झालेला, आणि दवाखान्यात उपचार मिळायला झालेला. ही मांडणी १९९४ साली थॅडियस आणि मेन या दोघींनी केली आणि आता जगभर वापरली जाते. फॉर्म भरताना ती वापराच. मग जिल्ह्याच्या आढावा बैठकीत आशाताईला उभं करून विचारा, “तू नोंदणी कितव्या आठवड्यात केलीस गं?” धनगरवाड्यावरून पावसाळ्यात बाईला डालग्यात घालून खाली आणायला किती तास लागले, हा दुसरा उशीर. तो बांधकाम विभागाचा, आणि बांधकाम विभाग बैठकीला नसतो.

३. ‘का’ एकदाच विचारा

या कामातली सगळ्यात धोकादायक गोष्ट ही, म्हणून थोडं सविस्तर सांगतो.

जपानमध्ये टोयोटाच्या कारखान्यात एक खोड होती. काही बिघडलं की ‘का’ असं एकदा विचारून थांबायचं नाही, उत्तर आलं की त्यावर पुन्हा ‘का’, असं पाचदा. पुढे ही खोड दवाखान्यांतही पसरली. तुमच्या समितीत कुणी राष्ट्रीय पातळीवरची कार्यशाळा करून आलेला तरुण डॉक्टर असेल तर तो हे करू पाहील. त्याला करू द्या आणि काय होतं ते बघा.

सिस्टरनं चुकीची ॲम्प्यूल का दिली? दोन्ही सारख्या दिसत होत्या आणि उजेड नव्हता. (इथे थांबायचं होतं. खरं म्हणजे ‘दिली’ या शब्दावरच.)

उजेड का नव्हता? जनरेटरमध्ये डिझेल नव्हतं. का? डिझेलचे पैसे रुग्ण कल्याण समितीच्या निधीतून येतात आणि यंदाचा हप्ता आला नाही. का? मागच्या हप्त्याचं उपयोगिता प्रमाणपत्र पुढे गेलं नाही. का? ते करणाऱ्या लेखापालाचं पद रिक्त आहे. का रिक्त आहे? पाहा, पाच पायऱ्यांत तुम्ही विंझरहून मंत्रालयाच्या लिफ्टपाशी येऊन उभे राहिलात. लिफ्टमनला काय सांगणार?

दुसरीकडून जाऊन बघा. ॲम्प्यूल सारख्या का दिसत होत्या? पुरवठादार बदलला. का बदलला? त्याचा दर सगळ्यात कमी होता. लेबलाचे रंग वेगळे हवेत अशी अट निविदेत का नव्हती? कारण निविदा लिहिणाऱ्यानं रात्री मोबाईलच्या उजेडात ॲम्प्यूल कधी फोडलेली नव्हती.

ड्युटीवर एकच सिस्टर का? दुसरी पुण्याला प्रशिक्षणासाठी गेली होती, परतीची एसटी चुकली. कसलं प्रशिक्षण? रुग्णसुरक्षेचं.

आता हे असलं अहवालात लिहिता येतं का? म्हणून ‘का’ एकच. त्याचं उत्तर ‘मानवी चूक’, आणि पुढे पूर्णविराम.

हा नियम मोठ्या शहरांतही चालतो. जानेवारी २०१८ मध्ये मुंबईच्या नायर रुग्णालयात एका पेशंटचा नातेवाईक ऑक्सिजनचा सिलिंडर घेऊन एमआरआयच्या खोलीत गेला आणि सिलिंडरसकट यंत्रात खेचला जाऊन मेला. त्या यंत्राचं चुंबक दिवसरात्र जागं असतं. लोखंडी सिलिंडर त्या दारापर्यंत पोचूच नये अशी व्यवस्था नव्हती, आणि सिलिंडर वाहायचं काम नातेवाइकाकडे आलं होतं. अटक डॉक्टर आणि वॉर्डबॉयला झाली. नातेवाइकांनी सिलिंडर उचलायची चाल कुठल्या रुग्णालयात कधी आणि का पडली, ते कुणी विचारलं असतं तर चौकशी अजून चालू असती.

४. दोषी निवडणे

निवडताना दोन याद्या करा. एकीत कायम कर्मचारी, दुसरीत कंत्राटी. पहिली यादी दुमडून खिशात ठेवा.

कारण असं. जिल्हा परिषदेच्या कायम कर्मचाऱ्याला हात लावायचा तर १९६४ चे शिस्त व अपील नियम येतात, राज्य शासनाच्या अधिकाऱ्याला लावायचा तर १९७९ चे. दोषारोपपत्र द्या, चौकशी अधिकारी नेमा, बचावाची संधी द्या, मग अपील, मग अधिकारी असेल तर मॅट, म्हणजे प्रशासकीय न्यायाधिकरण. तोवर तुम्ही निवृत्त व्हाल. कंत्राटी माणसाचा करार अकरा महिन्यांचा. त्यातले नऊ गेलेलेच असतात. एक परिच्छेद पुरतो.

मावळपट्ट्यात पाऊस पडला की पाणी जसं वाट विचारत बसत नाही, उतार दिसेल तिकडे धावतं, तशी चांगली चौकशी धावते. तिला अडवू नका.

उदाहरणं घ्या. ३१ जानेवारी २०२१, पोलिओ रविवार. यवतमाळ जिल्ह्यात घाटंजी तालुक्यातल्या कापसी-कोपरी गावात पाच वर्षांखालच्या १२ मुलांना पोलिओच्या थेंबांऐवजी हातांना लावायचं सॅनिटायझर पाजलं गेलं. मुलं सुदैवानं बरी झाली. कोविडचे दिवस होते, लसीच्या टेबलावर सॅनिटायझर असायलाच हवं असा दंडक होता, आणि टेबल एकच होतं. कारवाई कुणावर झाली? समुदाय आरोग्य अधिकारी, अंगणवाडी सेविका आणि आशा. आशा ही तर नोकरदारही नव्हे. तिला पगार नाही, मोबदला मिळतो. जिला कधी नेमलंच नाही तिला काढून दाखवणं ही प्रशासनातली वरच्या दर्जाची कला आहे, नवशिक्यांनी लगेच करायला जाऊ नये.

भंडाऱ्याचं तुम्हाला आठवत असेल. ९ जानेवारी २०२१, मध्यरात्र उलटून गेलेली, जिल्हा रुग्णालयातला नवजात बालकांचा अतिदक्षता कक्ष, आग, १० बाळं. बाळांना ऊब देणाऱ्या वॉर्मरमध्ये आगीचं मूळ असल्याचं सांगितलं गेलं. जिल्हा शल्यचिकित्सक निलंबित झाले, म्हणजे अर्ध्या पगारावर घरी. अतिरिक्त शल्यचिकित्सकांची बदली झाली. कंत्राटी बालरोगतज्ज्ञ आणि दोन कंत्राटी परिचारिकांची सेवा संपली. पुढे पोलिसांत गुन्हा दाखल झाला तो या दोन परिचारिकांवर. निलंबन, बदली, सेवासमाप्ती, गुन्हा: शिडी पाहून ठेवा. ज्याच्या हातात जितकं कमी, त्याच्या वाट्याला तितकं जास्त. ज्यांनी ती वीजजोडणी मंजूर केली, ज्यांच्या टेबलावर अग्निसुरक्षेचे कागद होते, ते या शिडीवर चढतही नाहीत आणि उतरतही नाहीत.

जुन्या गोष्टींत रमणारा सदस्य इथे रांझ्याच्या पाटलाचा विषय काढेल. तो विंझरच्या वाटेवरच सुचतो, कारण रांझे गाव याच भागात, भोर तालुक्यात आहे. १६४६ साली महाराजांपुढे तक्रार आली, चौकशी झाली आणि शिक्षा झाली ती गावच्या पाटलाला. पाटलाच्या नोकराला नव्हे, वेसकराला नव्हे, खुद्द पाटलाला. सदस्याला ऐकून घ्या, मान डोलवा, राजगडाकडे बघून हात जोडा आणि विषय बदला. ते शिवकाळातलं, आता सेवाशर्ती बदलल्या आहेत.

५. निर्जीव वस्तू आणि उंदीर

यंत्र, वायर, झडप, इमारत यांना कारणे दाखवा नोटीस देता येत नाही, म्हणून त्यांचा उल्लेख टाळा. उंदराचाही. जून २०२१ मध्ये घाटकोपरच्या राजावाडी रुग्णालयात अतिदक्षता विभागातल्या रुग्णाच्या डोळ्याजवळ उंदरानं कुरतडलं. असा प्रसंग तुमच्यावर आलाच तर परिसरात कचरा टाकणाऱ्या जनतेवर एक वाक्य लिहा. जनता खुलासा मागत नाही.

६. उपाययोजना

अहवालाच्या शेवटी उपाययोजना लागतात. तीन पुरतात: कर्मचाऱ्यांचं समुपदेशन, भिंतीवर फलक, आणि परिपत्रक. परिपत्रकाचा मसुदा असा: ‘सर्व संबंधितांनी इंजेक्शन देण्यापूर्वी ॲम्प्यूल काळजीपूर्वक पाहावी. हयगय केल्यास सक्त कारवाई करण्यात येईल.’ याला खर्च शून्य येतो. फलक अंधारात दिसणार नाही, पण तो पाहायला तुम्ही दिवसाच येणार आहात.

माणसाच्या लक्षात राहण्यावर अवलंबून नसलेला उपाय कटाक्षानं टाळा. तसे उपाय जगात आहेत, आणि तुमच्याच शीतपेटीत आहेत. पोलिओच्या लसीच्या बाटलीवर एक छोटा चौकोन असतो. लसीला उष्णता लागली की तो काळवंडत जातो, आणि बाहेरच्या वर्तुळाइतका गडद झाला की बाटली बाद. सिस्टरनं काही आठवायचं नाही, कुणाला विचारायचं नाही, चौकोन बघायचा. ज्यानं हा शोधला त्याला सिस्टर दमलेली असते हे ठाऊक होतं. असल्या माणसाला समितीवर घेतलंत तर तो ॲड्रेनलिनचा ट्रे लाल करा म्हणेल, बॅटरीवर चालणारा दिवा भिंतीला ठोका म्हणेल, खर्च काही शे रुपयांत बसवेल, आणि मग सखोल चौकशीला अर्थ काय उरला?

ऑडिट हा मात्र चांगला उपाय. भंडाऱ्यानंतर राज्यभर रुग्णालयांच्या अग्निसुरक्षेचं ऑडिट करायला सांगितलं गेलं. दहा महिन्यांनी, ६ नोव्हेंबर २०२१ ला, अहमदनगरच्या जिल्हा रुग्णालयातल्या कोविडच्या अतिदक्षता विभागाला आग लागली आणि त्या दिवशी ११ रुग्ण गेले. ऑडिट झालेलं होतं, यंत्रणा बसायची राहिली होती. या वेळी एक वैद्यकीय अधिकारी आणि तीन परिचारिका अटकेत गेल्या. मधल्या एप्रिलमध्ये नाशिकला पालिकेच्या झाकिर हुसेन रुग्णालयात ऑक्सिजनच्या टाकीला गळती लागून २२ जण, आणि दोनच दिवसांनी विरारच्या खासगी रुग्णालयात आगीनं १३ जण गेले होते. प्रत्येक ठिकाणी चौकशीचे आदेश त्याच दिवशी निघाले. आदेश निघण्याच्या वेगाबाबत महाराष्ट्राला कुणी नावं ठेवू शकणार नाही.

७. मान्यवरांची भेट

मृत्यूंचा आकडा मोठा असेल तर तुमच्या आधी मान्यवर येतील. त्यांना वाट द्या, ते मूळ कारण पाच मिनिटांत शोधतात. ऑक्टोबर २०२३ मध्ये नांदेडच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात चोवीस तासांत २४ रुग्ण गेले, त्यांत १२ नवजात बाळं होती. खाटांपेक्षा पेशंट कितीतरी जास्त, औषधांचा तुटवडा, आणि खरेदी हाफकिन महामंडळाकडून काढून त्याच वर्षी स्थापलेल्या नव्या प्राधिकरणाकडे जात होती. खासदार हेमंत पाटील आले, त्यांना स्वच्छतागृह घाण दिसलं, आणि त्यांनी अधिष्ठात्यांच्या हातात झाडू दिला. ते चित्रीकरण देशभर पाहिलं गेलं. पुढे खासदारांवर गुन्हा दाखल झाला, उच्च न्यायालयानं मृत्यूंची स्वतःहून दखल घेतली, हे सगळं झालं, पण लोकांच्या लक्षात राहिला तो झाडू. बाळाच्या खाटेचं चित्रीकरण इतकं रंगत नाही.

८. समित्या एकीपेक्षा जास्त असल्या तर

काळजी करू नका, उलट सुटलात. मार्च २०२५ च्या अखेरीस पुण्यात अनामत रकमेच्या वादानंतर एका महिलेचा बाळंतपणानंतर मृत्यू झाला, तेव्हा आरोग्य खात्याची एक समिती, धर्मादाय विभागाची एक, माता मृत्यू अन्वेषणाची एक, आणि पोलिसांना वैद्यकीय मत द्यायला ससूनची एक अशा चार बसल्या होत्या. तुम्ही अशा चारांपैकी एकीवर असाल, तर ‘इतर समित्यांचे निष्कर्ष प्राप्त झाल्यावर सुधारित अभिप्राय देण्यात येईल’ या एका वाक्यावर सहा महिने काढता येतात.

९. लेंटिन होऊ नका

आता गंभीर इशारा. जानेवारी-फेब्रुवारी १९८६ मध्ये मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात १४ रुग्ण दगावले. त्यांना दिलेल्या ग्लिसरॉलमध्ये डायइथिलीन ग्लायकॉल हे विष होतं. त्या काळीही सोपा मार्ग उपलब्ध होता: बाटली हातात धरणारा कुणीतरी होताच. पण चौकशी न्यायमूर्ती बख्तावर लेंटिन यांच्याकडे गेली, आणि त्यांना कुणी वर दिलेला तिसरा नियम सांगितला नसावा. बाटली दिली कुणी इथे ते थांबले नाहीत. विकत कुणी घेतली, नमुना तपासला का, ज्याला परवाना नसावा त्याच्याकडून औषध आलं कसं, अन्न व औषध प्रशासन काय करत होतं, आणि त्या प्रशासनाला मंत्रालयातून कुणाचे फोन जात होते, असं विचारत ते वर वर चढत गेले. अहवाल १९८७ मध्ये आला. तो बाहेर आल्यावर आरोग्यमंत्री भाई सावंतांना जावं लागलं.

किती लोकांची गैरसोय झाली, विचार करा. त्या अहवालाचा वचक पुढे बेतानंच ठेवला गेला. २०२५ मध्ये मध्य प्रदेशातल्या छिंदवाड्याची मुलं खोकल्याचं औषध पिऊन किडन्या निकामी होऊन नागपूरच्या रुग्णालयांत आली. वीसहून जास्त मुलं गेली. औषधात सापडलं ते तेच, डायइथिलीन ग्लायकॉल. आधी अटक झाली चिठ्ठी लिहिणाऱ्या डॉक्टरला. ज्याच्या कारखान्यात औषध बनलं, त्याचा नंबर काही दिवसांनी लागला. क्रम लक्षात घ्या.

आपल्या खात्याबाहेर तर काही लोक याहून पुढे गेले आहेत. आपल्याकडेच विमान पडलं तर नियमांप्रमाणे चौकशीचा हेतू पुढचा अपघात टाळणे एवढाच असतो, दोष किंवा जबाबदारी ठरवणे नसतो, आणि वैमानिकाबरोबर विमान बनवणाऱ्यालाही प्रश्न विचारले जातात. इंग्लंडनं २०१७ साली आरोग्यसेवेसाठीही तशी वेगळी चौकशी संस्था उभी केली. विमानात कोण बसतं आणि विंझरच्या रस्त्यानं रात्री जीपमधून कोण येतं, हे ध्यानात घेतलं तर आपल्याकडे हा फरक का टिकून आहे ते समजायला समिती लागत नाही.

१०. अहवाल सादर करणे

पानं ४०, त्यांतली ३१ परिशिष्टं. वर ‘गोपनीय’ लिहा. सिस्टरला प्रत देऊ नका. पेशंटलाही नको, तो लावणीत आहे.

तालुक्याच्या नावाची काळजी घ्या, म्हणजे घेऊ नका. वेल्हे तालुक्याचं राजगड तालुका असं नामकरण झालं आहे, आणि शिक्के, रजिस्टरं, लेटरहेड अजून सगळे नव्या नावाचे झालेले नसतात. पान एकवर ‘राजगड’ आणि शिक्क्यात ‘वेल्हे’ असलं की नस्ती ‘तालुक्याबाबत स्पष्टता करावी’ अशा शेऱ्यासह परत येते. ही दुरुस्ती करायला दीड महिना सहज मिळतो. तोवर पाऊस सरतो, साप बिळात जातात, भाचा नवा व्हिडिओ काढतो.

सिस्टरचा करार त्याच सुमारास संपलेला असेल. नूतनीकरण न झाल्यानं कारवाईचा प्रश्न निकाली निघाला, असं लिहा. तिच्या जागी नवी येईल. ती आधी ट्रेमध्ये हात घालील, मग परिपत्रक वाचील.

११. प्रवासभत्ता

सगळ्यात कठीण भाग शेवटी ठेवला आहे. चौकशीला गेल्याचं बिल लेखा शाखेत द्याल, तेव्हा पूर्ण तयारीनिशी जा. पुणे ते विंझर अंतर इतकं, तर बिलात तीन किलोमीटर जास्त का? नसरापुरात गाडी आत वळली. का वळली? बनेश्वराला. तिथे शासकीय काम काय होतं? मग नोंदवहीत मुक्कामाची वेळ का नाही? चालकाची सही निळ्या शाईत आणि तुमची काळ्यात का? पाच सदस्य, एक गाडी, मग चहाची पावती सहाजणांची का? सहावा कोण होता, कुणाच्या आदेशानं आला, त्या आदेशाचा जावक क्रमांक काय?

तो कारकून थांबणार नाही, त्याला कुणी घाई करत नाही, आणि त्यानं एकही कागद न पाहता सोडलेला नाही. उत्तरं तीन प्रतींत द्या.